आपल्याच रसातले घर

घर विकत घेण्यापूर्वी आम्ही घरांच्या जाहिराती वाचल्या. जवळजवळ दोन वर्षे वाचल्या, आणि कधी काळी एम.ए.च्या वर्गात ज्या निष्ठेने कादंबरी वाचली होती त्याच निष्ठेने वाचल्या. फ्रान्सच्या ग्रामीण भागातल्या जुन्या घरांची जाहिरात हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे असे आमचे मत त्या काळात बनले, आणि ते अजून बदललेले नाही. या प्रकाराचे संकेत ठरलेले आहेत. 'मेझाँ द काराक्तॅर', म्हणजे स्वभाव असलेले घर : भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, आणि काटकोनात एकही कोपरा नाही. 'बो व्होल्यूम', म्हणजे ऐसपैस खोल्या : त्या कधीच गरम होत नाहीत. 'आ राफ्रेशीर', थोडे ताजेतवाने करण्याजोगे : विजेच्या तारांवर अजून कापडी वेष्टन आहे. 'मेझाँ द फामीय', कुटुंबाचे घर. या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ आम्हांला सर्वांत उशिरा उमगला. विकणारा माणूस एक नाही, पुष्कळ आहेत, आणि त्यांचे आपसांत पटत नाही.

या सगळ्यांत आमचा आवडता शब्दप्रयोग होता 'दाँ सों ज्यु'. शब्दशः, आपल्याच रसात. मांस शिजवताना वरून काही न घालता त्याच्या अंगच्याच रसात शिजू द्यावे, तसे हे घर. कोणी त्याला हात लावलेला नाही, सुधारलेले नाही, बिघडवलेलेही नाही. आम्ही अखेर जे घर घेतले त्याच्या जाहिरातीत हे तिन्ही शब्द होते : स्वभाव, कुटुंब आणि रस.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे. लियोंमध्ये राहून आता अठरा वर्षे झाली. नोकऱ्या तिथल्याच, घर भाड्याचे. शहरात घर घेणे आमच्या आवाक्यातले नव्हते, तेव्हा नकाशावर बोट जिकडे स्वस्त तिकडे सरकत गेले आणि क्रझ नावाच्या जिल्ह्यावर येऊन थांबले. फ्रान्सच्या मधोमध, जुन्या लिमुझँ प्रांतातला हा जिल्हा. ग्रॅनाइटचा खडक, चेस्टनटची झाडे, तांबूस गुरे आणि पाऊस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे अडीच लाखांहून अधिक माणसे राहत. आज सव्वा लाखही नाहीत. उरलेल्यांत म्हातारे पुष्कळ. घरे मात्र तेवढीच उरली आहेत, कारण ग्रॅनाइट मरत नाही. आम्ही मोजलेली किंमत होती 58 हजार युरो. तेवढ्या पैशांत मुंबईकडे, ठाण्याच्याही पलीकडे कुठेतरी, एखादी खोली आणि स्वयंपाकघर मिळाले असते. इथे सहा खोल्या, धान्याचे कोठार, पावाची भट्टी आणि सहा चेस्टनटची झाडे मिळाली.

स्वस्ताईच्या शोधात आलो खरे, पण आल्यावर जे कळले त्याने आम्हांला बेचैन केले. क्रझ हा गवंड्यांचा मुलूख. जमीन निकस, खाणारी तोंडे जास्त, म्हणून इथले पुरुष दर वसंतात पॅरिसला बांधकामावर जात आणि थंडीच्या तोंडाशी परत येत. मार्तँ नादो हा त्यांच्यातलाच एक. 1830 साली, चौदाव्या वर्षी, तो बापाबरोबर घर सोडून निघाला. बरीचशी वाट पायी. पुढे तो लोकप्रतिनिधी झाला, 1851 च्या सत्तापालटानंतर हद्दपार झाला, आणि म्हातारपणी, 1895 साली, त्याने आपल्या गवंडीपणाच्या आठवणी छापल्या. फ्रेंच साहित्याच्या इतिहासांत त्या पुस्तकाला ओळीभरही जागा सहसा मिळत नाही. ते शिकवले जायला हवे असे आमचे मत आहे. पॅरिसचे ते रुंद रस्ते आणि एकसारखी घरे, ज्यांच्याविषयी बोदलेरच्या निमित्ताने आपण वर्गात इतके बोलतो, ती बांधणाऱ्या हातांत हे हात होते. बायका मागे राहून शेती, गुरे, म्हातारी माणसे सांभाळत. पॅरिसच्या मजुरीतून गावाकडे घर उठे. पुढे हंगामी जाणारे कायमचेच तिकडे राहू लागले, आणि घरांना कुलपे लागली.

कोकणातल्या वाचकाला यापुढे काही सांगण्याची गरज नाही. पॅरिसच्या जागी मुंबई घाला, थंडीच्या जागी शिमगा आणि गणपती, मजुरीच्या थैलीच्या जागी गिरणीतून आलेली मनीऑर्डर. आम्ही दोघांपैकी एकाचे घर राजापूर तालुक्यातले. चिऱ्याचे, कौलारू, मागे विहीर, पुढे फणस. आजोबा गिरणीत होते. घराची ओटी त्यांच्या 1951 सालच्या बोनसमधून झाली, असे घरात सांगत. 1982 च्या संपानंतर धाकटे काका गावी परतले आणि तेवढेच तिथे राहिले. जमिनीच्या सातबाऱ्यावर आज तेवीस नावे आहेत. त्यांतली चार माणसे हयात नाहीत, दोघांचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. तेवीस जणांची संमती मिळाल्याखेरीज कौल बदलायचे नाही, असा कायदा कुठेही लिहिलेला नाही. पण जो कौल बदलेल तो पुढे हक्क सांगेल, या भयाने कोणीच बदलले नाही. 2019 च्या पावसात माजघराची भिंत बसली. आम्ही तेव्हा लियोंमध्ये होतो. काकांनी फोटो पाठवला. आम्ही 'अरेरे' असे लिहिले, आणि पैसे पाठवू असेही लिहिले; पाठवले नाहीत. कोणाच्या नावे पाठवायचे यावर चार महिने चर्चा झाली आणि मग ती थांबली.

हे आधी सांगून टाकले ते बरे, कारण यापुढच्या प्रत्येक गोष्टीला ते चिकटलेले आहे.

साहित्यात घर गमावणाऱ्यांना पुष्कळ जागा आहे. एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी' (1985) घ्या : धरणगावचे ते देशपांडे, बाहेर गंजत पडलेला तो ट्रॅक्टर, दागिन्यांवरून आणि वाट्यांवरून उसवत जाणारी भावंडे. प्रेक्षक म्हणून आपण कायम आतल्यांच्या बाजूने असतो. वाडा उद्या कोणी विकत घेतला तर तो कोण असेल, त्याला रात्री झोप लागेल काय, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. चेखॉव्हने मात्र तो विचारला. 'चेरी ऑर्चर्ड' (1904) मधला लोपाखिन बाग विकत घेतो. त्याचे बापजादे त्याच इस्टेटीवर वेठीला होते. विकत घेतल्याच्या क्षणी त्याला आनंद आवरत नाही, आणि लगोलग रडूही येते. वर्गात शिकवताना आम्ही लोपाखिनला 'नव्या वर्गाचा प्रतिनिधी' असे दोन ओळींत उरकले होते, याची आज लाज वाटते. तो प्रतिनिधीबितिनिधी नंतर. आधी तो दुसऱ्याच्या घराची किल्ली खिशात असलेला माणूस आहे.

विकणारी भावंडे तीन. थोरली बाई सत्तरीच्या पुढची, त्याच गावापासून बारा किलोमीटरवर राहणारी. मधला भाऊ क्लेरमाँ-फेराँला, धाकटा पॅरिसजवळ. आई जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि तेव्हापासून घर तिघांच्या अविभक्त मालकीत होते. या अवस्थेला फ्रेंचमध्ये 'अँदिव्हिझिओं' म्हणतात. शब्द ऐकताच आम्हांला हसू आले, कारण सातबाऱ्यावरच्या तेवीस नावांची अवस्था याहून वेगळी ती काय? पण एक भेद आहे, आणि तो मोठा आहे. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेपासून तिथे एक तत्त्व पक्के आहे : अविभक्ततेत राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. एकाने वाटणी मागितली की इतरांना तिला सामोरे जावेच लागते. त्याच संहितेने मुलामुलींना सारखा वाटा दिला, आणि मृत्युपत्राने मुलांना पुरते बेदखल करता येणार नाही अशी तजवीज केली. यामुळे घरे आणि शेते फुटणार, म्हणून कित्येक जण हळहळले. तरुण बाल्झाकने तर 1824 साली ज्येष्ठाधिकाराच्या बाजूने एक निनावी पत्रक लिहिले. मागाहून आलेल्या त्याच्या कादंबऱ्यांत वारसे, मृत्युपत्रे आणि वाटण्या इतक्या का, याचे एक उत्तर तिथे आहे. समानता आणि घर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी टिकवणे अवघड, हे त्याला दिसले होते. त्याने निवडलेली बाजू आम्हांला मान्य नाही. पण माजघराची भिंत बसलेली पाहिल्यावर त्याचे दुःख अगदीच परके राहिले नाही.

वाटणी मागितली होती धाकट्याने. मधल्याचे काही म्हणणे नव्हते. थोरली नऊ वर्षे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत होती.

फेब्रुवारी 2022 मध्ये आम्ही घर प्रथम पाहिले. दलालाने दार उघडले आणि ओल्या राखेचा वास आला. मोठी चूल, इतकी मोठी की तिच्या आत दोन्ही बाजूंना बसायला बाके; या मुलखात तिला 'कांतू' म्हणतात. चेस्टनटच्या तुळया. या लाकडावर कोळी जाळे करत नाही, अशी इथल्यांची श्रद्धा. आम्ही वर पाहिले तर जाळी होती. कपाटात घडी घालून ठेवलेल्या जाड सुती चादरी, प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली दोन अक्षरे. तळघरात रिकाम्या बाटल्या. माळ्यावर 1960 च्या दशकातली शेतीची मासिके आणि एक पाळणा.

बाशलारने आपल्या 1957 च्या पुस्तकात घराची कल्पना उभी केली ती उभ्या रेषेत. खाली तळघर, तिथे अंधार आणि भय. वर माळा, तिथे विचार स्वच्छ. आम्ही ते पुस्तक विद्यार्थीदशेत इंग्रजीतून वाचले, निबंधांत वापरले, आणि ते आपल्याला लागू पडत नाही हे त्या वेळी ध्यानातच आले नाही. कोकणातल्या घराला तळघर कुठे असते? आपले घर आडवे. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसू, विहीर. कोण कुठपर्यंत आत येऊ शकतो यावर सारे ठरलेले; ओटीवरचा माणूस माजघरात येत नाही, आणि जातीपातीची, बाईपुरुषाची रेघ त्याच आडव्या वाटेवर आखलेली असते. भय आपल्याकडे खाली नसते, आत असते. क्रझच्या त्या तळघरात प्रथमच पाय टाकला तेव्हा आम्हांला बाशलार कळला, आणि आपण किती वर्षे न कळता त्याला उद्धृत करत होतो हेही कळले. असो.

कागदपत्रांचा भाग आटोपशीर सांगतो. आधी 'काँप्रोमी', म्हणजे साठेखत. त्यानंतर विकत घेणाऱ्याला, आणि केवळ त्यालाच, दहा दिवसांची मुदत. त्या अवधीत कारण न देता माघार घेता येते. घराबरोबर पुष्ट जाडजूड तपासणी-अहवाल येतो : शिसे, अॅस्बेस्टॉस, वीज, ऊर्जा. ऊर्जेत आमच्या घराला 'जी' मिळाला. त्याखाली अक्षर नाही. सांडपाण्याची टाकी नियमात बसत नव्हती, ती वर्षभरात दुरुस्त करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. लागून थोडी शेतजमीन असल्याने तिच्यावर पहिला हक्क सांगू शकणाऱ्या संस्थेला कळवून दोन महिने थांबणे आले. नोटरीच्या नावाने जो सात-आठ टक्के खर्च येतो त्यातला मोठा वाटा सरकारचा कर असतो, पण नाव बिचाऱ्या नोटरीचे खराब.

त्या दहा दिवसांत आमचे भांडण झाले. एकाचे म्हणणे असे, की या पैशांतून निम्म्यात राजापूरचे घर उभे राहील. दुसऱ्याचे असे, की कोणाच्या नावावर? तेविसांच्या? आणि उभे राहून त्यात राहणार कोण? पहिल्याने विचारले, इथे तरी कोण राहणार आहे, महिन्यातले दोन शनिवार-रविवार? त्याचे उत्तर नव्हते, अजूनही नाही. नवव्या रात्री आम्ही माघारीचे पत्र लिहिले. दहाव्या दिवशी ते टपालात टाकले नाही. यामागे काही तात्त्विक निर्णय होता असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पाऊस होता, आणि टपालकचेरी लवकर बंद झाली.

ऑगस्टमध्ये खरेदीखत झाले. फ्रेंच नोटरी हा शासनाने नेमलेला अधिकारी असतो आणि तो खत सर्वांसमोर मोठ्याने वाचतो. आम्हांला ते पोथीवाचनासारखे वाटले. एका बाजूला आम्ही, समोर तिघे. विकणाऱ्यांची पूर्ण नावे, जन्मस्थळे, विवाह कोणत्या पद्धतीने झाला हे सगळे. मग 'मालकीचा उगम' या शीर्षकाखाली हे घर यांच्याकडे कसे आले, त्यांच्या आईकडे कसे आले, मागची तीस वर्षे आणि त्याहून थोडे मागे. वाचता वाचता एका पूर्वजाच्या नावापुढे त्याचा व्यवसाय आला : गवंडी. नोटरी न थांबता पुढे गेला. थोरल्या बाईंनी मान किंचित हलवली. आम्हांला त्या क्षणी गिरणीतले आजोबा आठवले, आणि हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

सह्या होण्याआधी बाईंनी नोटरीला एक गोष्ट विचारली. दर ऑक्टोबरात विहिरीजवळच्या झाडाचे चेस्टनट वेचायला येण्याचा आपला हक्क खतात लिहिता येईल का? धाकटा भाऊ खुर्चीत अस्वस्थ झाला. नोटरीने समजावले की असले हक्क खतात घातले की पुढे सर्वांनाच जाच होतो, हे आपसांतल्या शब्दावर सोडावे. बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "मादाम, तुम्ही जरूर या." फ्रेंचमध्ये हे वाक्य सौजन्याचेही असते आणि खरेही, आणि ऐकणाऱ्याला त्यांतले कोणते ते कळत नाही. राजापूरला पुढच्या फणसावरून दोन चुलत घरांचे बोलणे अकरा वर्षे बंद होते. आम्हांला झाडांची किंमत ठाऊक होती.

काकांना ही बातमी आम्ही सांगितली नव्हती. ती त्यांना पुण्याहून कळली. त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही भिंतीचे सिमेंट काढत होतो. जुन्या दगडी भिंती दमट हवेत पाणी आत घेतात आणि बाहेर सोडतात. 1970 च्या सुमारास कोणीतरी हौसेने सांधे सिमेंटने भरले होते, त्यामुळे ओल आतच कोंडून राहिली होती. उपाय एकच, सिमेंट खरवडून काढायचे आणि पुन्हा चुन्याने सांधे भरायचे. हे आम्ही काकांना उत्साहाने सांगितले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे बाबांनो, परक्याच्या घराला चुना लावताय. आणि आम्हांला पण लावलातच." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी चौकशी केली की चुना भिजवलेला आहे की पुडीतला, आणि किती दिवस मुरवला. पुडीतला आहे म्हटल्यावर 'हं' म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या चुन्याने आमची बोटे फुटली. या काळात कोपऱ्यातली लाल अक्षरे असलेल्या चादरींवर आम्ही झोपत होतो, कारण भावंडांपैकी कोणीही त्या नेल्या नव्हत्या. एकदा वाटले की त्या बाईंकडे पोचवाव्यात. एकदा वाटले, त्यांनी सोडल्या त्या विचार करूनच सोडल्या असतील. पाळणाही माळ्यावर तसाच आहे. विकत घेतलेल्या वस्तूंत तो धरायचा की ठेव म्हणून सांभाळायचा, याविषयी खतात काही नाही.

गावात आम्हांला कोणी परके म्हणून वागवले नाही, आणि आपले म्हणूनही नाही. समोरचे शेतकरी आजोबा आम्हांला आमच्या नावाने ओळखत नाहीत. घराला ते अजून आधीच्या कुटुंबाच्याच नावाने ओळखतात, आणि आम्ही 'त्यांच्याकडचे भारतीय' आहोत. हे विधान व्याकरणदृष्ट्या चुकीचे आहे. आम्ही ते दुरुस्त केले नाही. राजापूरलाही वाडीतल्या घरांना कोण केव्हाच्या माणसांच्या नावांनी हाक मारतात. चौकातल्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावे आहेत, वस्तीच्या मानाने भयंकर वाटावीत इतकी. त्यांत आमच्या घराचे आडनाव दोनदा येते. याच जिल्ह्यात जाँत्यू नावाच्या गावी 1922 सालचे एक स्मारक आहे. त्यावर सैनिकाचा पुतळा नाही, एक अनाथ मुलगा मूठ वर करून उभा आहे आणि खाली युद्धाचा धिक्कार कोरलेला आहे. आम्ही ते पाहून आलो. आडनावे विकली जात नाहीत, हे तिथून परतताना जाणवत राहिले. आमच्या दारावरची पाटी बदलायला आलेली माणसे आम्ही दोनदा परत पाठवली.

बाई ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आल्या. टोपली त्यांची, हातमोजे त्यांचे. दार त्यांनी ठोठावले, स्वतःच्या घराचे, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आम्ही आत बोलावले, त्या 'नको' म्हणाल्या. विहिरीजवळ तासभर वाकून वेचत होत्या. मदतीला गेलो तेव्हा काटेरी कवच बुटाच्या टाचेने कसे उकलायचे ते त्यांनी दाखवले, आणि आम्ही ते चुकीचे केले की जिभेने 'त्स' करत होत्या. निघताना टोपलीतले निम्मे त्यांनी आमच्या पायरीवर ओतले. पावसाला सुरुवात झाली होती. त्यांनी मान वर करून छपराकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि प्रथमच उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला.

"चुलीपासून तिसऱ्या तुळईखाली," त्या म्हणाल्या, "बादली ठेवत जा. पश्चिमेचा वारा असला की तिथेच गळते. दलालाला मी सांगितले नव्हते."